बाबाच्या वाडीचा काळा-पांढरा फोटो

साळुबाईला कुणी फोटोवाली म्हटलं की तिचं डोकं फिरतं. पिंपळवंडीच्या स्टँडजवळ तिचा स्टुडिओ आहे. पाटीवरचा ‘छायाचित्रकार’ हा शब्द तिनं पेंटरच्या शेजारी उभं राहून, दोनदा पुसायला लावून रंगवून घेतलाय. पण सगळ्या पंचक्रोशीत तिची ओळख काय, तर मयताचे फोटो करून देणारी बाई. आणि ते काही खोटंही नाही. कुणाच्या घरी कुणी गेलं की दहाव्याच्या आत घरचे लोक लग्नाचा अल्बम काखेत मारून तिच्याकडे येतात. अल्बमात आजोबा पार मागच्या ओळीत असतात, हातात जिलबीची पत्रावळ आणि खांद्यावर व्याह्याचा अर्धा फेटा. साळुबाई त्या गर्दीतून आजोबांना अलगद उचलते, पत्रावळ काढते, फेटा काढते, आणि चांगला ऐसपैस काळा-पांढरा फोटो करून देते. आपल्याकडे रीतच तशी पडलीय. जिता माणूस रंगीत आणि गेलेला काळा-पांढरा.

फोटो टांगायला ती स्वतः जाते, दुसऱ्याच्या खिळ्यावर तिचा विश्वास नाही. घरातलं कुणीतरी झेंडूचा हार घेऊन पुढं येतं आणि नेमका तो कपाळापासून हनुवटीपर्यंत लोंबवतं. मग साळुबाई म्हणते, “हार खाली घ्या. तोंड झाकू नका. माणूस गेलं तरी तोंड दिसाया पायजे.” आजवर ज्या ज्या घरात गेली तिथं हेच सांगत आली.

खरं म्हणजे स्टुडिओ तिच्या नवऱ्यानं, रखमाजीनं काढला होता. तरणा होता, हौशी होता, गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायचा. पण फोटो काढणं वेगळं आणि अंधारखोलीत बसून ते धुणं वेगळं. तिथल्या औषधाच्या वासानं त्याचं डोकं उठायचं. साळुबाई नवी नवरी, धुणं-भांडी करते तसे फोटोही धुवायला लागली, आणि धुता धुता काढायलाही लागली. रखमाजी हळूच सटकला तो टोमॅटोच्या शेतात. टोमॅटोवर मारायच्या औषधाला काय अत्तराचा वास येतो का? पण ते जाऊ द्या. माणूस सुखी झाला, आणि बाईच्या हातात कॅमेरा आला.

तिला दगडाचं वेड लागलं ते माहेरच्या वाटेवर. माहेर आंबेगाव तालुक्यात, डोंगराच्या कडेला. वाटेत एक जुनं देऊळ होतं, छप्पर कधीचं पडलेलं, भिंती तेवढ्या उभ्या. भिंतीच्या वरच्या कडेला दगडात कोरलेल्या बाया. एक आरशात बघतेय, एक पायातला काटा काढतेय, आणि त्यांच्या डोक्यावर नुसतं मोकळं आभाळ. साळुबाईनं आधी रंगीत फोटो काढला. आला तो गुळमुळीत, कॅलेंडरावरच्या चित्रासारखा. मग काळ्या-पांढऱ्या रोलवर काढला, आणि त्या बाईच्या पायातला तोडासुद्धा वेगळा उठून आला. तेव्हापासून ती म्हणते, “दगडाला रंग नसतोच मुळी. त्याला ऊन असतं.”

मग काय, सुटीच्या दिवशी ती सगळ्या जुन्नर-आंबेगावात हिंडली. मोडक्या देवळांच्या अंगणात उताणी पडून, पदर कंबरेला खोचून, कॅमेरा डोळ्याला. विजेचा खांब नको, मोबाईलचा टॉवर नको, कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स नको. फक्त दगड आणि आभाळ. गुराखी लांबून हाका मारायचे, “मावशी, चक्कर आली का?” ती पडल्या पडल्याच पुढचा फोटो काढायची.

तिनं काढलेले दगडाचे फोटो स्टुडिओच्या भिंतीवर होते. गिऱ्हाईक यायचं, त्या आरशातल्या बाईकडं बघायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, “कधी गेल्या?” साळुबाईनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण लेकीच्या वास्तुशांतीला तिनं तोच फोटो चांगल्या चौकटीत घालून नेला. आरती तिची एकुलती एक लेक, दिली नारायणगावला. जेवणं झाल्यावर साळुबाई आतल्या खोलीत गेली, तर विहीणबाईंनी त्या फोटोला हार घातलेला आणि पुढं उदबत्ती. वर हळूच विचारलं, “तुमच्या आजी का या? मोठ्या देखण्या व्हत्या.” साळुबाईनं मान हलवली, आणि घरी येऊन पहिल्यांदा त्या लाल पाटीवरच्या ‘छायाचित्रकार’ शब्दाकडं रागानं बघितलं. तिला लई लागलं होतं ते. जन्मभर हात काळे केले, आणि आपला एक फोटो नाही की जो कुणी हार न घालता भिंतीवर लावला. आपण डोळे मिटायच्या आधी तेवढा एक तरी लागावा, बास, एवढंच तिच्या मनात बसलं.

आणि अशात एक दिवस भरत आला.

राजुरीच्या शिवारात एक वस्ती आहे, बाबाची वाडी. भरत तिथला कारभारी, पन्नाशीच्या आतला, पांढरे कपडे, सतत फोनवर. वाडीतल्या त्याच्या घरच्या शेताच्या बांधावर कंबरेएवढा एक उभा दगड आहे. जुना वीरगळ, लढाईत पडलेल्या कुणा वीराच्या नावानं उभा केलेला. पण ते आता कुणाच्या ध्यानात नाही. लोक त्याला बाबा म्हणतात, नवस बोलतात, आणि दर अमावास्येला भरतची आई कुशाबाई त्याला शेंदूर लावते. लांबून बघितलं तर तांबडा खांब. जवळून बघितलं तरी तांबडा खांबच.

“मावशी,” भरत म्हणाला, “नवीन सभामंडप झालाय. मधल्या भिंतीवर बाबाचा फोटो लावायचाय. ह्या दारायेवढा. तुमीच काढा.”

साळुबाईला हेच हवं होतं, पण तोंड तिनं जसंच्या तसं ठेवलं. “काढीन की. पण काळा-पांढरा.”

भरतनं फोन खिशात ठेवला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “मावशी, देव हाय त्यो. मयत न्हाई. बाबाला सुतकात बसवता व्हय?”

“रंगीत काढला तर नुसता शेंदूर दिसंल. मला शेंदराचा फोटो काढायचा न्हाई.”

“आवो पण लोकं काय म्हणतील? आळेफाट्याचा पोरगा लई भारी फ्लेक्स करून देतोय. मागं किरणं, खाली कमळ.”

“आणि कमळाच्या खाली तू, हात जोडून.”

भरत जरा ओशाळला, कारण तसंच ठरलं होतं. माणूस वाईट नाही तो, फक्त फ्लेक्सवर यायची सवय लागलेली. शेवटी त्यानंच तोडगा काढला. उत्सवाच्या दिवशी फ्लेक्सही आणायचा आणि साळुबाईचा फोटोही. शेत आईचं, बाबाची सेवा आईची. आई ज्याच्यावर बोट ठेवील तो भिंतीवर. साळुबाई हो म्हणाली, पण मनातून तिला माहीत होतं की कुशाबाईसारखी म्हातारी काळ्या-पांढऱ्या फोटोवर बोट ठेवणं कठीण आहे.

कार्तिकातली सकाळ होती, आभाळ स्वच्छ निळं. साळुबाई टिकाव-खोरं घेऊन बांधावर हजर झाली. कंबरेएवढा दगड, त्याच्या मागं ऊस, उसाच्या मागं विजेची डीपी आणि तारा. उभ्यानं काढला तर हे सगळं येणार, बसून काढला तरी येणार. मग उपाय एकच, आपणच जमिनीत जायचं. तिनं बाबाच्या पुढ्यात खड्डा खणायला घेतला. रखमाजीला बिबट्यासाठी आणलं होतं. उसाच्या कडेला वाकून बसलेलं माणूस बिबट्याला बकरीच वाटतं, त्यामुळं त्यानं काठी आपटत मोठ्यानं बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. ते त्यानं मनापासून केलं.

“एवढा खड्डा मी आंब्याला बी काढला न्हवता,” तो म्हणाला. “कलम कुठलं लावतीस?”

“तुमचं तोंड चालू ठेवा, बिबट्याला घाबरायला तेवढं बास हाय.”

कुशाबाई शेंदराची वाटी घेऊन आली. नव्वदीकडं झुकलेली, पण ताठ, आणि मोतीबिंदू काढल्यापासून नजर अशी की रस्त्यावरची एसटी कुठली ते घरातनं सांगते. खड्डा बघून ती थबकली.

“साळू, बाबाच्या पुढ्यात ह्यो खड्डा कशाला गं?”

“बाबाच्या मागं नुसतं आभाळ दिसावं म्हणून, आत्याबाई.”

“त्याला आभाळात कशाला धाडतीस? हितं बरा हाय की आमच्यात.” म्हातारीनं वाटी तिथंच बांधावर ठेवली. “तुझं झालं की सांग. मंग लावीन.”

साळुबाई खड्ड्यात उतरली. कॅमेऱ्याच्या भिंगावर तिनं लाल काच चढवली. या काचेची गंमत अशी की काळ्या-पांढऱ्या रोलवर निळं आभाळ जवळजवळ काळं उमटतं, आणि तांबडा शेंदूर पांढरा. सकाळचं ऊन कडेनं येत होतं, दगडावरनं घासत. साळुबाईनं डोळा लावला.

तांबडा खांब गेला होता. त्याच्या जागी माणूस होता. सगळ्यात खाली तो आडवा पडलेला, उशाशी गुरं उभी, वासरू मान वळवून त्याच्याकडं बघतंय. मधल्या भागात तोच उभा, केसांचा बुचडा बांधलेला, हातात तलवार, समोर दोघंजण अंगावर आलेले. त्याच्या वर त्याला दोन बाया दंडाला धरून वर नेतायत. आणि पार माथ्यावर चंद्र आणि सूर्य, त्या काळ्या होऊ घातलेल्या आभाळाला टेकलेले. गावची गुरं कुणीतरी हाकून नेत होतं, आणि हा मधे पडला. असं झालं असणार. साळुबाईला एकदम भरतचं बोलणं आठवलं, देव हाय त्यो, मयत न्हाई. तिला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता खड्ड्यात, मातीत, कोपर खरचटलेलं असताना ते सुचलं. पण ते तिनं रखमाजीलाही सांगितलं नाही.

दाराएवढा फोटो पुण्याला पाठवून छापून आला असता. सगळ्यांनी तेच सुचवलं. साळुबाई म्हणाली, “माझा फोटो मी धुणार.” कागदाचा मोठा रोल तिनं मागवला. एवढा कागद औषधात बुडवायला तसराळी कुठली आणायची? तर शेतातला जाड पाईप रखमाजीकडनं उभा चिरून घेतला, झाली पन्हाळी. एकीत एक औषध, दुसरीत दुसरं. कागदाची दोन्ही टोकं दोघांनी धरायची आणि पाळण्यासारखा तो औषधातून इकडून तिकडं झुलवायचा. स्टुडिओत दुसरं माणूस नाही. म्हणजे रखमाजी आलाच.

“ह्या वासापायी मी शेती धरली,” नाकाला उपरणं बांधून तो म्हणाला.

“बोलू नका. सावकाश घ्या. माझ्याकडं सोडा, आता तुमच्याकडं.”

भिंतीवर लावून तिनं कागदावर फिल्मचा उजेड आधीच पाडला होता, तरी लाल दिव्यात तो कोराच होता. मग आधी आभाळ काळं व्हायला लागलं. त्यातून चंद्र-सूर्य, मग त्या दोन बाया, मग बुचडा, मग तोंड. मिशा. ओठ घट्ट मिटलेले. रखमाजीचे हात थांबले. साळुबाई ओरडली तेव्हा पुन्हा चालू झाले. शेताच्या हौदात फोटो धुऊन काढला, तेव्हा कुठं त्यानं नाकावरचं उपरणं सोडलं. मग म्हणाला, “हे तू केलंस.” साळुबाईनं नुसतं हं केलं. पण आतून अशी भरून आली की चहात तिनं साखर दोनदा टाकली.

उत्सवाच्या दिवशी सगळी वाडी सभामंडपात जमली. एका बाजूला फ्लेक्स उलगडून उभा केला होता, झगझगीत. किरणं होती, कमळ होतं, मधे तांबडा बाबा, खाली भरत आणि कमिटीची मंडळी. दुसऱ्या बाजूला साळुबाईचा फोटो चादरीखाली. तिनं चादर काढली तशी माणसं मागं सरली. कुणीतरी म्हणालंच, “आरं, हे तर मयताच्या फोटोवानी.” मागून एकजण हसला.

साळुबाई भडकली. ती नम्र-बिम्र कधीच नव्हती. “हां, मयताच्या फोटोवानी,” ती म्हणाली. “मेलेलाच हाय त्यो. मेला म्हणून तर दगड उभा राहिला. जिता असता तर कुणी उभा केला असता?”

मंडपात कुजबुज सुरू झाली. भरत काहीतरी बोलायला गेला, तर कुशाबाईनं हात वर केला. ती काठी टेकत फोटोजवळ गेली आणि अगदी नाक लावून बघायला लागली. रोज ज्या दगडाशी बोलायची तोच हा, हे तिला चटकन पटेना. दगडावरची वरची चंद्रकोर तिनं ओळखली, बोटाला माहीत होती ती. मग बोट खाली आलं.

“ह्यो कोण तलवारवाला?”

“बाबा.”

“आणि ह्यो खाली पडलेला?”

“त्यो बी बाबाच. खालनं वर वाचायचं, आत्याबाई. हितं पडलाय. हितं लढतोय. आणि हितं त्याला वर घेऊन चालल्यात.”

“ही गुरं?”

“गुरांपायीच मेला असणार. वाडीची गुरं व्हती.”

कुशाबाईनं त्या वासराच्या मानेवरनं बोट फिरवलं. लग्न होऊन आल्यापासून ती या दगडाला शेंदूर लावत होती. सासूनं लावला म्हणून, सासूच्या सासूनं लावला म्हणून. सुनांना, नातवंडांना घेऊन पाया पडत होती. मग ती मागं वळली, आणि सगळ्या वाडीला विचारावं तसं तिनं विचारलं, “आणि ह्याला रडलं कोण?”

म्हातारीच्या गालावरून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. “माझ्या भरतयेवढाच दिसतोय,” ती म्हणाली. “आमी नुसतं मागत राहिलो ह्याला. पाऊस दे, पोरगं दे. घरचं माणूस गेलं आणि कुणी कधी रडलं न्हाई.” फ्लेक्ससाठी आणलेला झेंडूचा हार खुर्चीवर होता. तिनं तो उचलला आणि दोन्ही हातांनी साळुबाईच्या फोटोला घातला.

हार बघून साळुबाई तो काढायला पुढं सरली. आयुष्यात एक फोटो मागितला होता, बिनहाराचा. तोही असा. पण मंडपातल्या बाया एकेक करून उठल्या, घरात कुणी गेल्यावर उठतात तशा, पदर डोक्यावर घेऊन. कुणी फुलं ठेवली, कुणी डोळे पुसले. पुरुषांनी टोप्या काढल्या. लेकीच्या घरी हार घातला तेव्हा विहीणबाईंना माहीतच नव्हतं की ही बाई कोण. इथं सगळ्यांना कळून हार पडत होता. कुणाचं कोण होतं ते नव्हतं ठाऊक, पण आपलं होतं, एवढं ठाऊक होतं. साळुबाईला वाटलं, आजवर कितीतरी घरांत मी तोंडं लावून दिली, पण सगळ्यात थोरला मयत आज माझ्या हातून भिंतीवर चढतोय. तिची मान अशी ताठ झाली की बस्स.

भरतनं कुणाला न सांगता फ्लेक्सची गुंडाळी केली आणि ती भिंतीआड ठेवली. मग तो साळुबाईजवळ येऊन उभा राहिला. “मावशी, खाली तुमचं नाव टाकायला पायजे. काय टाकू, साळुबाई फोटोवाल्या?”

“साळुबाई रखमाजी,” ती म्हणाली. “छायाचित्रकार. आणि पेंटर आला की मला बोलव. मी शेजारी उभी राहणार हाय.”

साळुबाईनं ठोकलेल्या खिळ्यावर फोटो हारासकट चढला आणि लोक पंगतीला गेले. मंडपात रखमाजी तेवढा राहिला होता, त्याला शिडी धरायला सांगितलेली. साळुबाई वर चढली. हार घालताना म्हातारीचा हात पुरला नव्हता, त्यामुळं तो नेमका वीराच्या तोंडावर आला होता. साळुबाईनं तो दोन्ही बाजूंनी सैल केला आणि हळूच खाली घेतला, मिशांच्या खाली, मिटलेल्या ओठांच्या खाली.

“आता पुरं झालं, उतर,” रखमाजी म्हणाला.

“थांबा,” साळुबाई म्हणाली. “तोंड झाकायला नको. आत्ता कुठं दिसाया लागलंय.”